विचारा की! तारेत वीज, तारेवर पतंग

जानेवारीच्या अंकासाठी प्रश्न मागवले तेव्हा मला वाटलं होतं सगळे पतंगाबद्दलच विचारणार, कारण बडोद्यात नाताळ उलटला की पोरांच्या डोक्यात फिरकी, मांजा आणि वारा कुठून आहे याशिवाय दुसरं काही नसतं. पण पत्रं उघडली तर निम्मी विजेवर! बहुतेक शाळांमध्ये तोच धडा चालू असावा. एका पोराने तर वीज आणि पतंग एकाच प्रश्नात बसवलेत, ते बरंच झालं, ते उत्तर १४ तारखेच्या आत छापून यायलाच हवं होतं. मुलांची नावं छापत नाही, इयत्ता आणि एरिया तेवढा दिलाय. आणि हो, प्रश्न वेगवेगळे असले तरी उत्तरांत एक गोष्ट सारखी सारखी येणार आहे, विजेला जायला रस्ता लागतो आणि परत यायलाही लागतो. कंटाळा आला तरी वाचा.

प्रश्न: काका, सरांनी सांगितलं की तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. मग बटण दाबल्या दाबल्या लाइट कसा लागतो, इलेक्ट्रॉन इतके फास्ट पळतात का? आणि बल्बमध्ये गेल्यावर ते संपतात का? (इयत्ता सातवी, दांडिया बाजार)

फास्ट? अजिबात नाही रे. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १ अँपियर करंट जात असेल तर त्यातले इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम २५ सेंटिमीटर पुढे सरकतात. बटणापासून लाइटपर्यंत सहा मीटर तार धरली तर पोचायला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र लागेल. हे झालं बॅटरीच्या विजेचं, म्हणजे डीसीचं. घरातली वीज एसी, ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, त्यामुळे तिथे तर इलेक्ट्रॉन कुठेच पोचत नाहीत, जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी इतके हलतात आणि तरी लाइट लागतो!

कसा ते बघ. सायकलची चेन आठव. पेडल मारल्यावर पुढची कडी धावत मागच्या चाकापर्यंत जाते आणि मग चाक फिरतं, असं होतं का? नाही ना, चेन आधीपासून पूर्ण लागलेली असते, एक कडी ओढली की सगळ्याच हलतात. तारेचंही तसंच आहे, तांब्यात इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात, वीज कंपनी काही ते तिकडून भरून पाठवत नाही, ती फक्त ढकलते. हा जो धक्का आहे तो मात्र तारेतून सेकंदाला लाख-दोन लाख किलोमीटरच्या वेगाने पसरतो, म्हणून तुला लाइट 'लगेच' लागल्यासारखा वाटतो.

आता संपतात का. चाक फिरवून चेन संपते का? इलेक्ट्रॉन जितके बल्बमध्ये शिरतात तितकेच दुसऱ्या तारेने बाहेर पडतात. शाळेच्या लॅबमध्ये सेल, बल्ब आणि ॲमीटर जोड, आधी ॲमीटर बल्बच्या एका बाजूला लाव, मग दुसऱ्या बाजूला, रीडिंग तेच येणार. सरांना सांगून करच हे, कारण बरीच मोठी माणसंसुद्धा 'बल्ब करंट खातो' असंच समजतात. खर्च होते ती ऊर्जा, ती उजेड आणि उष्णता होऊन खोलीत जाते. सेल उतरला म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन संपले असं नसतं, आतली रसायनं वापरून झाली, ढकलायला जोर राहिला नाही, एवढंच.

आणि चेन एका जागी जरी तुटली तरी सगळीच थांबते. बटण बंद करणं म्हणजे मुद्दाम ती एका जागी तोडणं.

प्रश्न: गणपतीत आणलेल्या जुन्या सिरीजमधला एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. पण घरात बाथरूमचा बल्ब गेला तरी हॉलचा चालू राहतो. असं का? (इयत्ता आठवी, कारेलीबाग)

नावातच आहे की, सिरीज. त्यात बल्ब एकामागोमाग एकाच रस्त्यावर असतात. साधारण ६ व्होल्टचे चाळीसेक बल्ब ओळीत जोडले की २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, म्हणून ते चिमुकले बल्ब जळत नाहीत. पण एकाची तार तुटली की रस्ताच तुटला. घरात प्रत्येक बल्बला आपापला वेगळा रस्ता असतो, त्याला पॅरलल म्हणतात, प्रत्येकाला पूर्ण २३० मिळतात आणि कोणी कोणावर अवलंबून नाही. म्हणून सिरीजमधला एक बल्ब काढून घरच्या प्लगला लावायचा प्रयोग करू नका, फटाका होईल.

प्रश्न: कावळे आणि कबुतरं तारेवर बसतात त्यांना शॉक लागत नाही. मग तारेत अडकलेला पतंग काठीने काढला तर आम्हालाच का लागेल? आई खूप ओरडते. (इयत्ता पाचवी, मांडवी)

आईचं बरोबर आहे, पण तुझा प्रश्नही चांगला आहे, म्हणून नीट सांगतो.

कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्या दोन पायांमध्ये चार-पाच सेंटिमीटर तार, तेवढ्या तारेत व्होल्टेजचा फरक जवळपास शून्य, मग करंटला कावळ्याच्या अंगातून जायची गरजच काय? आणि कावळा हवेत, जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे परतीचा रस्ता नाही. पण त्याच कावळ्याने पंख पसरला आणि तो बाजूच्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडाला टेकला, तर संपलं. वटवाघळं अशीच मरतात, त्यांच्या पंखांचा पसारा मोठा असतो, एका तारेवरून दुसरीपर्यंत सहज पोचतो. रस्त्याकडेला तारेला लटकलेलं वटवाघूळ पाहिलं असशीलच.

आता तू. तू अगाशीवर उभा असतोस, अगाशी भिंतीला, भिंत जमिनीला. वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरची एक तार मुद्दाम जमिनीत गाडलेली असते, म्हणजे जमीन हाच परतीचा रस्ता. तू काठी तारेला लावलीस की तार, काठी, तू, अगाशी, जमीन, ट्रान्सफॉर्मर असं वर्तुळ पूर्ण. मधली काठी सुकी असेल तर कदाचित वाचशील, पण हे 'कदाचित' फार महाग पडतं, कारण उतरायणच्या सकाळी दव पडलेलं असतं, बांबू ओला असतो, आणि खरं सांगायचं तर पोरं बांबू शोधतात कुठे, हाताला येईल ते घेतात, पडद्याचा पाइप, लोखंडी सळई, मोठी माणसं तर चक्क ॲल्युमिनियमची शिडी लावतात!

त्यातून ११ हजार व्होल्टची लाइन असेल तर टेकायचीही गरज नाही, सळई फार जवळ गेली की वीज हवेतूनच उडी मारते. कुठली लाइन २३० ची आणि कुठली ११ हजाराची हे पतंगाकडे बघत पळणाऱ्याला कळणार नाही, तेव्हा सगळ्याच तारा मोठ्या समजायच्या.

मांज्याचंही ऐक. साधा सुती दोरा सुका असेल तर वीज नेत नाही, ओला झाला की नेतो. काही मांज्यांना काचेबरोबर धातूची पूडही लावलेली असते, तो तर सरळ तारच समज, असा मांजा दोन तारांवर एकदम पडला की मोठा भडका होतो आणि अख्ख्या पोळीची, म्हणजे गल्लीची, लाइट जाते, सुदैवाने कोणाच्या हातात फिरकी नसेल तर एवढ्यावरच भागतं. चमचमत्या पन्नीचे पतंग दिसतात ना, त्या पन्नीवरही धातूचा पातळ थर असतो. नायलॉनच्या, लोक ज्याला चायनीज म्हणतात त्या मांज्यावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय, पक्ष्यांचे आणि स्कूटरवाल्यांचे गळे कापतात म्हणून, तरी दरवर्षी तो कुठून येतो देव जाणे.

आणि लंगर! दगडाला दोरा बांधून तारेवरचा पतंग ओढायचा प्रकार. हे करणाऱ्या पोराची फिरकी त्याच्या घरच्यांनी जप्त करावी असं माझं मत आहे, मग ते पोर चिडो किंवा रडो.

पतंग तारेत गेला तर गेला, दुसरा चढव. तार तुटून अगाशीत पडलेली दिसली तर लांब राहायचं, मोठ्यांना सांगायचं आणि वीज कंपनीच्या तक्रार नंबरवर फोन करायचा, तो लाइट बिलावर छापलेला असतो. घरात कोणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकलायचं. पण हे घरातल्या २३० व्होल्टसाठी हं, मोठ्या लाइनला कोणी चिकटलं असेल तर लाकूड घेऊनसुद्धा जवळ जायचं नाही, कंपनीने लाइन बंद केल्यावरच.

प्रश्न: आमच्याकडे नवीन एमसीबी बसवलेत, आता मुलांना शॉकची भीती नाही ना? आणि तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन कशासाठी असते? इस्त्रीची आम्ही कापून टाकलीय, बेडरूमचं सॉकेट दोनच भोकांचं आहे. (एक आई, मांजलपूर)

ताई, आधी ती इस्त्री बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की वायरमन लोकसुद्धा 'एमसीबी आहे ना, टेन्शन नको' असं सांगून मोकळे होतात. एमसीबी असते वायरिंग वाचवायला, करंट तिच्या आकड्याच्या वर गेला की ती पडते, म्हणजे तारा गरम होऊन आग लागत नाही. आता हिशोब बघा. ओल्या हाताने माणसाच्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण १००० ओहम धरला तर २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर अंगातून जाणार. जीव जायला ०.१ अँपियरसुद्धा पुरतो. आणि तुमची एमसीबी १६ अँपियरची! तिला हा करंट म्हणजे एखादा छोटा पंखा चालू झाला, इतकंच दिसतं, ती कशाला पडेल?

शॉकसाठी असते ती आरसीसीबी. ती करंट किती आहे ते बघतच नाही, ती बघते की फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेने जितका गेला तितका न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या तारेने, परत आला का. वर सांगितलं ना, जितके जातात तितके यायलाच हवेत. कमी आले तर याचा अर्थ बाकीचे दुसऱ्याच कुठल्या रस्त्याने गेले, बहुतेक कोणाच्या तरी अंगातून. घरासाठी ३० मिलिअँपियरची, म्हणजे ०.०३ अँपियरचा फरक पडला की सेकंदाच्या छोट्याशा भागात सप्लाय तोडणारी, अशी घ्या. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडली तर ठीक, नाही पडली तर बदलायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र तीही काही करू शकत नाही, कारण तिच्या हिशोबात गेलेले सगळे परत आलेले असतात.

आता मोठी पिन. ती अर्थची. तिची तार इस्त्रीच्या किंवा गीझरच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते आणि दुसरं टोक जमिनीत. आतली फेजची वायर सुटून बॉडीला लागली तर करंटला सोपा, जाड तांब्याचा रस्ता मिळतो, करंट एकदम भरपूर वाढतो आणि मग मात्र एमसीबी पडते. अर्थ नसेल तर बॉडी तशीच २३० व्होल्टवर बसून राहते, कोणीतरी हात लावायची वाट बघत. पिन लांब असते म्हणजे प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, आणि जाड असते म्हणजे ती दुसऱ्या भोकात जाऊच नये. इतका विचार करून कोणीतरी ती पिन बनवलीय आणि आपण ती पकडीने कापतो!

दोनच भोकांचं सॉकेट म्हणजे तिथे अर्थची तार बहुधा ओढलेलीच नाही. रावपुरा-दांडिया बाजारकडच्या जुन्या वाड्यांमध्ये अशी वायरिंग अजून सापडते. नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, तार ओढून घ्या. खर्च आहे, पण इस्त्री, गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन या चौघांना तरी हवाच.

प्रश्न: आजकाल थंडीत नायलॉनचं ब्लँकेट काढताना चट् चट् ठिणग्या उडतात. ते हजारो व्होल्ट असतात असं वाचलं. मग २३० व्होल्टने माणूस मरतो आणि हजारोंनी का मरत नाही? (इयत्ता नववी, अलकापुरी)

बरोबर वाचलंयस, ती ठिणगी हाताला टोचली म्हणजे दोन-तीन हजार व्होल्ट तरी नक्की होते. पण व्होल्ट म्हणजे नुसता जोर, मागे माल किती आहे ते व्होल्ट सांगत नाही. घासल्यामुळे तुझ्या अंगावर जमा झालेला चार्ज इतका थोडा असतो की एका ठिणगीत, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, सगळा संपतो, ऊर्जा एखाद-दोन मिलिज्यूल. घरच्या प्लगमागे मात्र अख्खं पॉवर स्टेशन उभं आहे, तू धरून ठेवशील तोवर ते ढकलत राहील. पावसाळ्यात हे होत नाही, हवा दमट असते, चार्ज साठायच्या आतच निघून जातो.

आकाशातली वीज हीच गोष्ट आहे, फक्त तिथे व्होल्टही कोट्यवधी आणि मालही भरपूर, तेव्हा तिच्याशी मस्करी नको.

प्रश्न: नातू दिवसातून दोनदा मोबाईल चार्जिंगला लावतो. बिल त्यामुळेच वाढतं असं माझं म्हणणं, घरात कोणी ऐकत नाही. तुम्ही निकाल द्या. (एक आजोबा, रावपुरा)

आजोबा, निकाल नातवाच्या बाजूने लागतोय, माफ करा. १००० वॅटची वस्तू तासभर चालली की १ युनिट. ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जातं ते धरून, साधारण ०.०२५ युनिट लागतं. दिवसाला दोनदा म्हणजे महिन्याला दीड युनिट.

आता आंघोळीचं बघू. १५ लिटरची बादली २५ डिग्रीने तापवायला ०.४४ युनिट लागतं, हे पाण्याचं गणित आहे, गीझर कुठल्याही कंपनीचा असो यातून सुटका नाही. म्हणजे एका बादलीत सतरा वेळा मोबाईल चार्ज! घरात चार माणसं, रोज चार बादल्या, महिन्याला पन्नासच्या वर युनिट. आणि टीव्हीखाली रात्रंदिवस चालू असलेला सेट टॉप बॉक्स १० वॅट जरी धरला तरी महिन्याला सात युनिट, म्हणजे नातवाच्या चौपटीहून जास्त, तो कोण बंद करत नाही ते मी विचारत नाही.

नातू मोबाईल फार बघतो ही तक्रार असेल तर ती रास्त आहे, पण ती बिलाच्या आडून करू नका, हिशोबात हराल.

प्रश्न: टेस्टर फेजच्या भोकात घातल्यावर पेटतो, दुसऱ्या भोकात नाही. आणि वरच्या टोपीला बोट लावलं तरच पेटतो. मग करंट माझ्या अंगातून जातो का? (इयत्ता आठवी, फतेगंज)

हो, जातो. घाबरू नकोस. टेस्टरच्या आत निऑनचा दिवा आणि त्याच्यामागे एक रेझिस्टन्स असतो, दहा लाख ओहमच्या आसपासचा, त्यामुळे तुझ्यातून फार फार तर ०.०००२ अँपियर जातो, कळतही नाही. बोट लावतोस तेव्हा तू आणि जमीन मिळून परतीचा रस्ता पूर्ण करता, बोट काढलंस की तो तुटला. दुसरं भोक न्यूट्रलचं, ते ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीलाच जोडलेलं असतं, मग त्याच्यात आणि तुझ्यात ढकलायला व्होल्टेजच नाही.

पण दोन सूचना आहेत. टेस्टर पेटला नाही म्हणजे तार मेलेली आहे असं धरून हात घालायचा नाही, टेस्टरचा दिवाच गेलेला असू शकतो. आणि आठवीत असताना हे प्रयोग मोठं कोणी बाजूला असल्याशिवाय करायचेच नाहीत, तुझ्या पत्रावरून वाटतंय की तू एकट्यानेच केलायस.

प्रश्न: सोसायटीबाहेरची डीपी सारखी गुणगुणते, फुटेल का? आणि घरात २३० च पाहिजेत तर बाहेर ११ हजार व्होल्ट आणतात कशाला? (एक वाचक, गोत्री)

गुणगुणणं नॉर्मल आहे. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या आतला लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा किंचित ताणला-आकसला जातो, त्याचा तो आवाज. तडतड किंवा करपल्याचा वास आला तर मात्र फोन करा.

११ हजाराचं कारण तारेतली गरमी. समजा सोसायटीला १०० किलोवॅट हवेत. २३० व्होल्टने आणायचे म्हटले तर सव्वाचारशेच्या वर अँपियर लागतील, ११ हजारने आणले तर नऊ. करंट अठ्ठेचाळीस पट कमी. आणि तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्याच तारेत नुकसान दोन हजार पटींहूनही जास्त कमी होतं. पॉवर स्टेशनपासून लांबवर आणायला तर ६६ हजार, २ लाख २० हजार, ४ लाख व्होल्ट किंवा त्याहूनही वर चढवतात आणि गावाजवळ टप्प्याटप्प्याने उतरवतात. हे चढवणं-उतरवणं ट्रान्सफॉर्मरने सोपं होतं, पण ट्रान्सफॉर्मर एसीवरच चालतो, म्हणून घरोघरी एसी आली. मूळ शोध फॅरेडेचा, १८३१ सालचा.

प्रश्न: आमच्या घरातली वीज नर्मदेच्या धरणातून येते का? (इयत्ता सहावी, सयाजीगंज)

थोडी येत असेल, पण कुठली ते कोणालाच सांगता येणार नाही. केवडियाला सरदार सरोवराच्या पायथ्याशी २०० मेगावॅटची सहा आणि कालव्याच्या तोंडाशी ५० मेगावॅटची पाच मशीन आहेत, मिळून १४५०. त्यातली वीज मध्य प्रदेशला ५७, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६ टक्के, असं ठरलेलं आहे. धरण आपल्या दाराशी आणि वाटा सगळ्यात कमी, हे ऐकून बडोदेकर नेहमी चिडतात! अर्थात कालव्याच्या पाण्याचा मोठा वाटा गुजरातला आहे हे चिडताना विसरतात.

पण हे वाटे हिशोबातले. प्रत्यक्षात कोळशाची, पाण्याची, उन्हाची, अणूची सगळी वीज एकाच जाळ्यात जाते, आणि ३१ डिसेंबर २०१३ पासून तर दक्षिणेचं जाळंही बाकीच्यांना जोडलं गेलं, त्यामुळे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी जनरेटर एकाच तालात, सेकंदाला ५० वेळा, चालतात. वर सांगितलेली चेन आता देशाएवढी आहे असं समज, तुझा पंखा कोणाच्या पेडलने फिरतोय ते कसं ओळखणार?

प्रश्न: लिंबात तांब्याची पट्टी आणि खिळा खुपसून वीज होते असं बघितलं. मी एका लिंबावर टॉर्चचा बल्ब लावला, पेटला नाही. लिंबू खराब होतं का? (इयत्ता सहावी, प्रतापनगर)

लिंबू बरोबर होतं, बल्ब चुकला. एका लिंबाला एक व्होल्टच्या आतबाहेर मिळतो, पण करंट मिलिअँपियरभरसुद्धा धड मिळत नाही, आणि टॉर्चच्या जुन्या बल्बला दोनशे-तीनशे मिलिअँपियर लागतात. लाल एलईडी आण, त्याला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात. तीन-चार लिंबं सिरीजमध्ये जोड, एकाचं तांबं दुसऱ्याच्या खिळ्याला, एलईडीचा लांब पाय शेवटच्या तांब्याला, खोलीत अंधार कर, बारीक पेटेल. नाही पेटला तर एलईडी उलटा करून बघ. खिळा साधा लोखंडी नको, जस्ताचा थर दिलेला हवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

वीज लिंबात नसते बरं का, जस्त हळूहळू विरघळतं त्यातून ऊर्जा येते, लिंबाचा रस मधला रस्ता देतो. १८०० साली व्होल्टाने जगातली पहिली बॅटरी केली ती याच तत्त्वावर, धातूच्या चकत्या आणि मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. ती लिंबं नंतर फेकून द्यायची, उंधियुवर पिळायची नाहीत, जस्त उतरलेलं असतं.

प्रश्न: पुस्तकात करंट प्लसकडून मायनसकडे दाखवलाय, पण इलेक्ट्रॉन तर मायनसकडून प्लसकडे जातात. पुस्तक चुकलंय का? (इयत्ता दहावी, निझामपुरा)

पुस्तक चुकलं नाहीये, प्लस-मायनस ही नावं इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी पडली. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास अंदाजाने एका प्रकाराला प्लस आणि दुसऱ्याला मायनस ठरवलं, तारेत नक्की काय हलतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, तो निघाला मायनस. तोपर्यंत दीडशे वर्षांची सूत्रं, आकृत्या, पुस्तकं सगळी प्लसकडून मायनसकडे लिहून झालेली, आणि गणितात त्याने काही बिघडतही नाही, मायनस चार्ज इकडून तिकडे गेला काय आणि प्लस तिकडून इकडे आला काय, ॲमीटर तेच दाखवतो. म्हणून कोणी बदललं नाही. बोर्डाच्या पेपरात बाण प्लसकडून मायनसकडेच काढ, आणि इलेक्ट्रॉनची दिशा वेगळी विचारली असेल तरच उलटा.